आईची चिंच आणि पितळी रायफल

न्यू जर्सीला शिफ्ट होऊन आता तीन वर्षं झाली, तरी ऑक्टोबर लागला की ओहायोतला तो काउबॉय थाटाच्या नेमबाजीचा क्लब आठवतोच. कोलंबसपासून तासाभरावर मक्याच्या शेतांमागे मातीचे उंच बांध घातलेली रेंज आणि तिथे प्लायवूडचं एक खोटं गाव, बँक, जेल, सलून म्हणजे दारूचा गुत्ता, सगळं नुसतं दर्शनी, मागे गेलं की टेकू. एरवी महिन्यातून एक शनिवार लोक जमायचे, पण ऑक्टोबरातली तीन दिवसांची मॅच म्हणजे आमच्याकडची जत्राच, फक्त पालखी नाही आणि पाळणा नाही. लोक आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या, घेऊन गुरुवारीच मुक्कामाला यायचे.

पहिल्यांदा मी ऑफिसातल्या एकाच्या आग्रहाने नुसतं बघायला गेलो. बंदुकीशी माझा संबंध एवढाच, की आजोळी राजापूरकडे शेतसंरक्षणाच्या लायसनची ठासणीची बंदूक होती, ती निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा व्हायची आणि बाकी वर्षभर डुकरांपेक्षा आम्हा पोरांपासून जपून माळ्यावर ठेवलेली असायची. पण त्या दिवशी एका म्हाताऱ्याने काळ्या दारूच्या काडतुसांचा बार काढला, पांढरा धूर आमच्यापर्यंत आला आणि तो गंधकाचा वास नाकात गेल्यावर मी एकदम दिवाळीच्या पहाटे अंगणात सुतळी बॉम्बजवळ उभा. संपलंच मग.

ग्रीन कार्ड आल्यावर पहिली रायफल घेतली ती विंचेस्टर या अमेरिकन कंपनीच्या १८६६ च्या मॉडेलची कॉपी, इटलीत गार्डोने व्हाल ट्रोम्पिया गावात उबेर्टीने बनवलेली. आल्डो उबेर्टीने १९५९ साली तिथे जुन्या अमेरिकन बंदुकांच्या नकला करायला सुरुवात केली, म्हणजे काउबॉयची रायफल खरं तर इटलीची, आणि विंचेस्टरच्या नावाचं १८७३ चं मॉडेल घ्यायला जावं तर ती आता जपानात मिरोकूकडे बनते. ओरिजिनल का नाही घेत, तर एक म्हणजे किंमत, आणि दुसरं म्हणजे १८६६ चं जुनं रिमफायर काडतूस (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारं) आता कुठे मिळतंय. नवीन कॉपी ३८ स्पेशल, ४५ कोल्ट अशा आज मिळणाऱ्या काडतुसांसाठी येते, ती खुशाल उडवता येते, ओरखडा पडला तर रात्री झोप लागते.

खेळ असा की चापाभोवतीची कडी खाली ओढली की रिकामं काडतूस वर उडतं, कडी परत मिटली की नवीन आत, खटक-खटक. दहा गोळ्या, समोर लोखंडी पाट्या, लागली की टण्ण. चुकली की टायमरमध्ये पाच सेकंद वाढतात. भारी पोरं तीन-चार सेकंदांत दहा मोकळ्या करायची, मी आपला पंधरा-वीसमध्ये, पण पाट्या वाजवायचो.

या खेळाची मोठी संघटना, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, १९८७ ची. तिथे प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचंच आणि ते दुसऱ्या कुणाचं नसावं. मी 'कोल्हापुरी' घेतलं. अनाउन्सर तीन दिवस 'कोलापूऽरी' ओरडायचा, मी दुरुस्त करणं सोडून दिलं. ड्रेसही त्या काळातला हवा, तर मी विचारलं फेटा चालेल का. चौघांनी तिथेच उभ्याउभ्या मीटिंग घेतली. १८७३ साली तुझ्या गावात फेटा बांधायचे का? बांधायचे. मग चालेल! पहिल्याच फेरीला शेमला डोळ्यावर आला ते सोडा.

दुसऱ्या वर्षी मी घरी स्वतः काडतुसं भरली आणि गोळी जरा जास्तच खोल बसवली. १८६६ आणि १८७३ मध्ये काडतूस सरळ वर उचलणारा एक ठोकळा असतो, लिफ्टच समजा, आणि ती लिफ्ट एकाच मापाच्या माणसाची. काडतूस आखूड निघालं की रांगेतल्या पुढच्या काडतुसाचं बूड आत घुसतं आणि लिफ्ट मधेच अडकते. माझी अडकली, तिसऱ्या गोळीला. टायमर चालू, मी कडी ओढतोय, मागे चाळीस माणसं गप्प. तो धूरवाला म्हातारा (रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर) नंतर खुर्ची घेऊन शेजारी बसला, खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढला आणि माझं एकेक काडतूस मोजून दोन ढीग केले. एक शब्द बोलला नाही. फक्त एक टोकदार गोळी सापडली तेव्हा माझ्याकडे असं बघितलं! नळीच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरून ठेवायच्या नळीत, काडतुसं एकामागे एक असतात ना, टोक पुढच्याच्या बुडाला लागून बार होऊ शकतो, म्हणून चपट्या तोंडाचीच गोळी लागते.

आणि मग ते आई आलेलं वर्ष. मॅचच्या आधी चारच दिवसांवर खंडेनवमी होती. आईने कपाट उघडलेलं बघितलं आणि म्हणाली, "अरे, एवढं पितळ काळं पडू दिलंस?" व्हिजिटर व्हिसावाल्यांनी बंदूक हातात घ्यायची नसते, म्हणून ती शेजारी उभी राहून सूचना देत होती आणि मी रिकामी रायफल घेऊन भिजवलेली चिंच घासतोय, तिथे कोपऱ्यात अजून, जरा जोर लाव, जेवला नाहीस का. लाकडाला पाणी लागू नये म्हणून मी जुनं धोतर गुंडाळलं होतं. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, पेढा. देवघरातल्या समईसारखी लखलखीत झाली.

शुक्रवारी म्हाताऱ्याने ती बघितली आणि डोक्याला हात लावला. जुनेपणाचा रंग चढायला दहा वर्षं लागतात, म्हणाला, तू एका संध्याकाळी घालवलास! त्याच्याकडे १८६० च्या हेन्रीची कॉपी होती, तीही पितळी पण तपकिरी पडलेली. हेन्रीला पुढे लाकूड नसतं त्यामुळे नळी तापली की हात भाजतो, आणि मॅगझिनचा खटका गोळ्यांबरोबर मागे सरकत येतो, तो आला की डावा हात उचलून पुढे ठेवावा लागतो. म्हातारा ते इतकं लीलया करायचा की तबला बघतोय असं वाटायचं. शनिवारी रात्री पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आईने केलेली मिसळ होती, त्याने तीनदा घेतली, नाक पुसत. रविवारी संध्याकाळी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन तो नळीतली काळी दारू धूत बसला होता, तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझ्या आईने ते काय लावलं होतं म्हणालास?

पुढच्या ऑक्टोबरला मी गाडी पार्क करतोय तोवर लोडिंग टेबलवरून काहीतरी चमकलं. हेन्री! म्हाताऱ्याच्या हाताला अजून चिंचेचा वास येत होता, आणि बाकीचे सगळे मिळून मला शिव्या घालत होते.