लघु-गुरूचा कान आणि इंग्रजी आघात

शाळेत ‘यमाताराजभानसलगम्’ पाठ केलेल्या मराठी माणसाला इंग्रजी कवितेचा छंद कागदावर चटकन उमगतो, पण कानाला मात्र तो बराच काळ लागत नाही. एका दुर्बळ अक्षरापुढे एक सबळ अक्षर, अशा जोडीचे पाच गण म्हणजे ‘आयॅम्बिक पेंटामीटर’, एवढे कळले की आपण सवयीने ओळीवर खुणा करू लागतो आणि तिथेच अडतो. आपल्याकडे स्वर दीर्घ आहे का, पुढे जोडाक्षर आहे का, एवढे पाहून अक्षराचे वजन बहुधा ठरवता येते. इंग्रजीत ते वजन उच्चारातल्या आघाताने येते, आणि आघात स्पेलिंगमध्ये दिसत नाही. ‘प्रेझेंट’ हा शब्द ‘भेट’ या अर्थी आला की त्याचा पहिला भाग ठसक्याने उच्चारायचा आणि ‘सादर करणे’ या अर्थी आला की दुसरा. लिहायचे मात्र दोन्ही वेळा सारखेच. शिवाय आघात नसलेला स्वर इंग्रज माणूस जवळजवळ गिळून टाकतो, तर आपण प्रत्येक अक्षराला इमानेइतबारे त्याचा वाटा देतो. त्यामुळे आपल्या तोंडी इंग्रजी कविता पाढ्यांसारखी सपाट होते.

गंमत अशी की ‘आयॅम्ब’ हे नाव ज्या ग्रीक छंदशास्त्रातून आले, तिथे त्याचा अर्थ ऱ्हस्वापुढे दीर्घ, म्हणजे थेट आपला लघु-गुरू असाच होता. इंग्रजीने नाव ठेवले आणि दीर्घाच्या जागी आघात बसवला. टॉमस कॅम्पियन या इंग्रज कवीने १६०२ मध्ये ग्रीक-लॅटिन धर्तीच्या रचनेची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले खरे, पण इंग्रजीला ते वळण मानवले नाही. उलट दिशेनेही तसेच घडले: केशवसुतांनी सॉनेट हा चौदा ओळींचा काव्यप्रकार मराठीत आणला, पण मराठी सॉनेट म्हणजे सुनीत रुळले ते शार्दूलविक्रीडित या आपल्या लघु-गुरूच्या वृत्तात.

या वृत्तातले एक अक्षर लघूचे गुरू झाले तरी वृत्तभंग होतो, आणि तो टाळण्यासाठी आपला कवी वेळप्रसंगी शब्दाचे ऱ्हस्वदीर्घ बदलतो. इंग्रजी कवी शब्दापेक्षा साच्यालाच अधिक वाकवतो. हॅम्लेटच्या स्वगतातली ‘टु बी, ऑर नॉट टु बी, दॅट इज द क्वेश्चन’ ही ओळ पाहा. पहिले तीन गण सरळ चालतात. चौथ्यात नियमाने आघात ‘इज’वर यायला हवा, पण तो ‘दॅट’वर देऊन म्हणण्याचीही रीत आहे, आणि दोन्ही वेळा वाक्याचा रोख बदलतो. शिवाय ओळीत दहाऐवजी अकरा अक्षरे आहेत आणि ‘क्वेश्चन’चा शेवट आघाताविना लोंबतो. पुढच्या तीन ओळीही तशाच, अकराव्या दुर्बळ अक्षरावर थांबतात. त्यांतली पहिली तर ‘वेदर’ या शब्दामुळे उलट्या गणानेच सुरू होते. निर्णयाशी येऊन पुन्हा मागे सरणाऱ्या माणसाच्या तोंडी असे शेवट अगदी शोभतात, असे मला वाटते.