कॉपर अ‍ॅसिटेटचा स्फटिक: नवतपा ते पहिला पाऊस

शेवटी कॉपर अ‍ॅसिटेटचा, म्हणजे तांबं आणि व्हिनेगरमधल्या आम्लापासून बनणाऱ्या क्षाराचा, १४ मिलिमीटरचा एक खडा हाती आला मंडळी. कडा एकदम धारदार, रंग इतका गडद निळाहिरवा की टेबलावर काळाच वाटतो, खिडकीशी धरला की पातळ कडेतून हिरवा उजेड येतो. मोरचूदाचे (कॉपर सल्फेटचे) स्फटिक वाढवणारे म्हणतील १४ मिमी म्हणजे काय मोठं, पण हे लय हळू वाढणारं काम आहे आणि नागपूरच्या मे महिन्यात तर अजूनच कठीण, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

तांबं आधी चुकीचं घेतलं. कूलरची जळालेली मोटर पडली होती, तिच्या वाइंडिंगची तार व्हिनेगरमध्ये टाकली आणि आठ दिवस रोज पाहून राहिलो, काहीच नाही, फक्त कापलेल्या टोकांपाशी थोडं हिरवट. त्या तारेवर इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप, असतो हे तेव्हा डोक्यातच नाही आलं. मग घराच्या वायरिंगचे उरलेले तुकडे सोलून घेतले. ५०० मिली ४ टक्केवालं व्हिनेगर, त्यात मेडिकलमधून आणलेलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड (बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं) रोज थोडं थोडं करून साधारण १०० मिली. नुसत्या व्हिनेगरमध्ये तांबं सहजी उतरत नाही, त्याला ऑक्सिजन लागतो, तो पेरॉक्साइड देतं. एकदम ओतू नका, फसफसतं, गरम होतं, आणि झाकण तर अजिबात घट्ट लावू नका.

आता हिशेब बघा, हा मी आधी केला असता तर दोन आठवडे वाचले असते. एवढ्या व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक आम्ल २० ग्रॅम, त्यातून कॉपर अ‍ॅसिटेट मोनोहायड्रेट (एक पाण्याचा रेणू धरून बसलेलं, आपल्या स्फटिकाचं रूप) बनून बनून ३३ ग्रॅम. आणि थंड पाण्यात हे १०० मिलीला ७ ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे ६०० मिलीत ४० ग्रॅमच्या वर मावतं. थोडक्यात सगळं आम्ल वापरलं गेलं तरी द्रावण संपृक्त होतच नाही, आटवावंच लागतं.

आणि खरी अडचण आटवण्यातच आहे. नवतप्यात (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) बरणी उघडी गच्चीवर ठेवली, ४५ डिग्री, म्हटलं दोन दिवसांत काम होईल. दोन दिवसांत वर फिकट निळसर साय आणि खाली गाळ. पाण्यासोबत अ‍ॅसिटिक आम्लही उडून जातं, आम्ल कमी पडलं की बेसिक अ‍ॅसिटेट खाली बसतं, म्हणजे आपलं जुनं जंगाल. आजी पितळेच्या भांड्यात ताक ठेवू देत नाही, कळकतं म्हणते, आंबटाने तांबं सुटतं ते हेच, फक्त तिथे आम्ल ताकातलं. गाळून घेतलं, दोन मोठे चमचे व्हिनेगर घातलं आणि द्रावण परत नितळ निळं झालं, तेव्हा जो आनंद झाला तो सांगता येत नाही. तेव्हापासून नियम एकच, बरणी उघडली की व्हिनेगरचा वास नाकाला बसलाच पाहिजे, नाही बसला तर आधी चमचाभर घाला मग बाकीचं. तोंडाला कागद बांधून टाचणीने सहा भोकं पाडली, बरणी थर्माकोलच्या डब्यात घालून जिन्याखाली ठेवली. डबा नव्हता तेव्हा एका दुपारी लाइट गेली, कूलर बंद, खोली तापली आणि तंगुसाला बांधून द्रावणात सोडलेलं बी (ज्यावर मोठा खडा वाढवायचा तो छोटा स्फटिक) विरघळून खाली पडलं होतं.

एवढी मेहनत याच क्षारासाठी का, तर आतल्या रचनेसाठी. यात दोन तांब्याचे अणू जोडीने बसतात, चार अ‍ॅसिटेट त्यांना चारही बाजूंनी बांधतात आणि दोन टोकांना एकेक पाण्याचा रेणू. तांब्या-तांब्यातलं अंतर सुमारे २.६२ अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम), धातूच्या तांब्यात ते २.५६ असतं, म्हणजे जवळपास तेवढंच. १९५२ मध्ये ब्लीनी आणि बॉवर्स या शास्त्रज्ञांनी याचं चुंबकीय वागणं तपासून हे अणू जोडीत असणार असं सांगितलं आणि १९५३ मध्ये एक्स-रेने ती जोडी प्रत्यक्ष दिसली. हे वाचून मी रात्री परत उठून खडा हातात घेऊन बसलो होतो. हीच जोडी १९९९ मध्ये हाँगकाँगच्या एचकेयूएसटी-१ या सच्छिद्र पदार्थात आली, तिथे अ‍ॅसिटेटच्या जागी तीन हातांचं ट्रायमेसिक आम्ल.

पातळ थर बनवणारे सुद्धा याला पसंती देतात, कारण तापवलं की अ‍ॅसिटेटचा भाग उडून जातो, सल्फेट किंवा क्लोराइडसारखं मागे काही राहत नाही, हवेत उरतो तो काळा कॉपर ऑक्साइड. तांबं-जस्त-कथिल-गंधकाच्या सोलर सेलच्या थरांतही हे वापरतात. चिमूटभर चुरा मी गच्चीवर परीक्षानळीत तापवला, आधी पाणी सुटलं, मग व्हिनेगरचा झणझणीत वास, शेवटी नळीला तांबूस काळा लेप. वारा पाठीमागून असू द्या.

हे विषारी आहे, हातमोजे घाला, स्वयंपाकघराची भांडी वापरू नका, उरलेलं नालीत तर नकोच, माशांना फार वाईट. मी धुण्याचा सोडा घालून तांबं खाली बसवतो आणि गाळ वेगळ्या बरणीत साठवतो.

आता पाऊस लागला, हवा दमट, आटणं एकदम मंद झालंय पण नवीन बी आधीपेक्षा स्वच्छ वाढून राहिलं, काल ६ मिमी भरलं. पुढच्या आठवड्यात पोलरॉइड फिल्ममधून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी फिल्म) पातळ पापुद्रा फिरवून रंग बदलताना फोटो काढायचा आहे, कोणाकडे जुन्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनची फिल्म असेल तर सांगा.