क्रूस दोन्ही हातांनी धरावा लागतो

सावंतवाडीहून जुन्या गोव्यापर्यंतचा रस्ता साधारण 60 ते 65 किलोमीटरांचा आहे. मोटारीने तो दीड-दोन तासांत संपतो, आणि करसल्लागाराच्या कामानिमित्त मी तो कितीतरी वेळा तसाच संपवला आहे. 2024 च्या नोव्हेंबरअखेरीस मात्र तोच रस्ता मी पहिल्यांदा पायी चाललो. संत फ्रान्सिस झेवियर, म्हणजे आम्हां कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांतला 'गोंयचो सायब', याचा सण 3 डिसेंबरला असतो आणि त्याआधी 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना, म्हणजे सणापूर्वीची नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. त्या दिवसांत सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवार या बाजूंनी भाविकांचे गट पायी जुन्या गोव्याकडे निघतात. आमच्याकडे या चालण्याला कोणी पदयात्रा म्हणते, कोणी सरळ वारी म्हणते. माझे शेजारी आषाढीला पंढरपूरला जातात, त्यामुळे मला वारी हाच शब्द जवळचा वाटतो. शिवाय त्या वर्षी दर दहा वर्षांनी होणारे सायबाच्या पवित्र अवशेषांचे दर्शनही होते, 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी.

मी काही नवस बोललेला नव्हतो, आणि घरात कोणी आजारीही नव्हते. कारण वेगळे होते, आणि ते सांगताना अजूनही लाज वाटते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये आईच्या वर्षाच्या मिस्सेत, म्हणजे तिच्या स्मृतिदिनाच्या चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्तप्रसाद घेऊन मी बाकाकडे परतलो, आणि गुडघे टेकताना माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती एका गिऱ्हाइकाचे विवरणपत्र. आईचा चेहरा नंतर आला, प्रार्थना त्याच्याही नंतर. त्या दिवशी मला स्पष्ट दिसले की मी अश्रद्ध झालेलो नाही, पण माझ्या दिवसातला देव हा उरलेल्या वेळेतला देव झाला आहे. काम, फोन, बँक, मुलांच्या शिकवण्या हे सगळे झाल्यावर रात्री अकरा वाजता डोळे मिटत असताना जे काही शिल्लक राहील ते त्याचे, आणि बहुतेक रात्री काहीच शिल्लक राहत नसे.

30 नोव्हेंबरला पहाटे चार वाजता चर्चच्या अंगणात आम्ही तेवीसजण जमलो. गटाचे प्रमुख निवृत्त शिक्षक होते, सगळे त्यांना सर म्हणत. फादरांनी आशीर्वाद दिला आणि सरांनी भिंतीला टेकवून ठेवलेला क्रूस उचलला. फणसाच्या लाकडाचा, माणसाच्या उंचीपेक्षा थोडा मोठा असा तो क्रूस दरवर्षी याच गटाबरोबर जातो. उभ्या दांड्याला मध्याच्या किंचित खाली, जिथे हात येतात तिथे, लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालेले आहे. बाकी सगळीकडे रंध्याच्या खुणा जाणवतात, पण तेवढी वीतभर जागा कितीतरी तळव्यांनी घासून शिसवीसारखी केली आहे. चालण्याचा नियम एकच होता: क्रूस पुढे, आणि त्याच्या पुढे कोणीही जायचे नाही.

इन्सुलीचा घाट उतरेपर्यंत उजाडले. आम्ही कोकणीतून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत होतो, अर्धे जण 'नमान मारिये' सुरू करत आणि उरलेले अर्धे पूर्ण करत. पावलांचा आणि शब्दांचा ताल एकदा जुळला की तो मोडावासा वाटत नाही. माझा मात्र मोडत होता. मागील आर्थिक वर्षाचे राहून गेलेले जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेण्याची शेवटची तारीख नेमकी 30 नोव्हेंबर होती, आणि एका गिऱ्हाइकाची काही बिले मी स्वतः आधी तपासायची होती ती तपासली नव्हती. चूक पूर्णपणे माझी होती. कार्यालयातला मुलगा दर अर्ध्या तासाने फोन करत होता, मी गटाच्या मागे रेंगाळून त्याला बिलांचे क्रमांक सांगत होतो आणि फोन ठेवला की धावत पुन्हा गट गाठत होतो. बांद्याच्या बाजारपेठेत चहासाठी थांबलो तेव्हाही माझा पेला तसाच निवत राहिला.

बांदा सोडताना सर माझ्याजवळ आले. ते रागावतील असे मला वाटले होते, पण ते फक्त एवढेच म्हणाले, "आता पत्रादेवीपर्यंत तू घे." आणि क्रूस माझ्या हातात दिला.

तो क्रूस एका हाताने धरता येत नाही. खांद्यावर टेकवला तरी वरचा आडवा दांडा हेलकावतो आणि वाऱ्याने फिरतो, त्याला दोन्ही हातांनीच सावरावे लागते. खिशात फोन वाजला. पुन्हा वाजला. मागच्या वीस-बावीस जणांची पावले माझ्या पावलांवर ठरत होती, मी थांबलो असतो तर सगळे थांबले असते. गटात सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या, त्यांचा गुडघा दुखत होता, आणि सरांनी निघतानाच सांगून ठेवले होते की क्रूस मावशींच्या चालीने चालेल. म्हणून वेगही माझा नव्हता. थोड्या वेळाने फोन वाजायचा थांबला. दुपारी बारा वाजता रस्त्याच्या कडेला एका सातवणीच्या सावलीत आम्ही आंजेलची, म्हणजे देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची, प्रार्थना म्हटली आणि माझ्या ध्यानात आले की कित्येक वर्षांत दिवसाच्या ऐन मध्यावर, कामाच्या तोंडावर, मी देवासाठी थांबलोच नव्हतो. मी त्याच्यासाठी थांबत असे ते काम संपल्यावर. थांबण्यासाठी काम मोडावे लागते हे मला माहीत होते, पण ते मोडण्याची वेळ मी कधी स्वतःवर येऊ दिली नव्हती.

पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 च्या सत्याग्रहात गोळीबाराला बळी पडलेल्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. तिथे क्षणभर थांबून, गोवा मुक्तीसाठी प्राण देणाऱ्या त्या माणसांसाठी एक 'आमच्या बापा' म्हणून आम्ही पुढे निघालो. त्या रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर मी फोन उघडला. त्या मुलाने बहुतेक काम दुपारीच उरकले होते, एक बिल मात्र राहून गेले होते, आणि त्याची रक्कम पुढे मी गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून भरून दिली. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की आधी देवाचे राज्य शोधा, मग बाकीच्या गोष्टी तुम्हांला मिळतील. या वचनाचा अर्थ कोणी असा लावतो की देवाला पुढे ठेवले की नुकसान होत नाही. मला तो अर्थ पटत नाही. माझे नुकसान झाले, ते माझ्या निष्काळजीपणामुळे झाले, आणि देवाने ते भरून दिले नाही. पण त्या रात्री मी ते नुकसान घेऊन झोपू शकलो. पूर्वी तेवढ्या रकमेने माझी आठवड्याची झोप गेली असती.

दुसऱ्या दिवशी, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी, आम्ही धारगळ मागे टाकून कोलवाळचा पूल ओलांडला आणि म्हापशाला पोहोचलो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मरियामातेला, तिथले हिंदू भाविक शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात आणि तिच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, तेल वाहतात. मावशींनीही तेलाची एक लहान बाटली बरोबर आणली होती. "माझी आई वाहायची, मी वाहते," एवढेच त्या म्हणाल्या. रात्री त्यांच्या गुडघ्याला मलम चोळताना मी त्यांना विचारले की तुम्ही रोज प्रार्थना कधी करता. त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. मग म्हणाल्या, "अरे, चूल पेटवताना. चूल रोज पेटवावीच लागते ना." घरी गॅस येऊन पंचवीस वर्षे झाली तरी त्या चूल असेच म्हणत होत्या.

झेवियरबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत ते चमत्कारांविषयी. चालताना सरांनी जे सांगितले ते वेगळे होते. 1506 साली नवार प्रांतातल्या झेवियरच्या किल्ल्यात जन्मलेला हा तरुण पॅरिसच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होता आणि त्याला मोठे पद, मान, नाव हवे होते. त्याच्या खोलीत राहणारा इग्नेशियस लोयोला त्याला पुन्हा पुन्हा शुभवर्तमानातला एकच प्रश्न विचारी: सगळे जग मिळवले आणि आत्मा गमावला तर काय लाभ? झेवियर एका रात्रीत बदलला नाही, त्याने बराच काळ विरोध केला. अखेर 15 ऑगस्ट 1534 रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर सात मित्रांनी व्रत घेतले त्यांत तो होता. 6 मे 1542 रोजी तो गोव्यात उतरला, आणि हातात घंटा घेऊन रस्तोरस्ती मुलांना प्रार्थना शिकवायला बोलावू लागला. महत्त्वाकांक्षा त्याने टाकली नाही, तिचे टोक फिरवले, असे सर म्हणाले. मला त्यांचे हे बोलणे फार आवडले.

तिसऱ्या दिवशी पर्वरी, मांडवीचा पूल, पणजी. आणि मग रायबंदरचा तो जुना बांध, 1633-34 मध्ये बांधलेला, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरे. तिथे वेगवेगळ्या गावांचे गट एकमेकांत मिसळले. कोणी कानडीत गात होते, कोणी कोकणीत, आमच्यातल्या काहींनी मराठीतून सुरू केले. मावशींनी क्रूस मागितला. सरांनी आधी नको म्हटले, मग दिला. शंभरेक पावले त्या तो घेऊन चालल्या, दोन्ही बाजूंनी आम्ही दोघे हात लावून. त्या गुळगुळीत जागेवर त्यांची बोटे होती, शिरा वर आलेली, नखाशी हळद राहिलेली.

दर्शनासाठी से कॅथेड्रलमध्ये रांग होती. पूर्ण दुपार गेली. प्रत्यक्ष काचेच्या पेटीसमोर काही सेकंदच मिळतात, स्वयंसेवक हळूच पुढे सरकवतात. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ शांगच्वान बेटावर देह ठेवलेला, आणि 1554 साली गोव्यात आणलेला तो माणूस किती लहान दिसतो, हेच मनात राहिले. उजवा बाहू तिथे नाही, तो 1614 पासून रोमला आहे. हजारोंना बाप्तिस्मा देताना ज्या हाताला थकवा आला असे त्याने स्वतः पत्रात लिहिले आहे, तो हात. मी मागायला काही आणले नव्हते. आईची जपमाळ काचेपासून थोडी दूर धरली, आणि पुढे सरकलो.

दुसऱ्या दिवशी सणाची मिस्सा ऐकून आम्ही बसने परतलो. दीड-दोन तासांत सावंतवाडी आली, आणि खिडकीतून इन्सुलीचा घाट पाहताना मावशी मोठ्याने वळणे मोजत होत्या.

आता कार्यालयात बारा वाजता मी थांबतो. पहिल्या महिन्यात चार-पाच वेळा विसरलो, एकदा मुद्दाम टाळले, कारण समोर मोठे गिऱ्हाईक बसले होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत चैन पडले नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा तसेच झाले, समोर तेच गृहस्थ बसले होते आणि घाईत होते. मी त्यांना म्हटले, "दोन मिनिटे, माझी प्रार्थनेची वेळ आहे." कार्यालयातला मुलगा फोन उचलायला पुढे झाला. मी टेबलावरचे कागद बाजूला सारले आणि हात जोडले. ते गृहस्थ टोपी काढून, काही न बोलता, मांडीवर ठेवून बसले.