सतराच्या बाहेर राहिलेले दोन लेख

बढतीच्या फायली आमच्या ग्रंथालयात येतात त्या एका ओळीच्या चिठ्ठीसह: "सायटेशन रिपोर्ट जोडावा." म्हणजे त्या संशोधकाच्या लेखांचा इतरांनी आपल्या लेखांत किती वेळा उल्लेख केला, त्याचा हिशेब. बाहेरच्यांना वाटतं, नाव टाकलं की आकडा येतो. नाव टाकल्यावर येतो तो नावांचा गुंता, आणि माझं काम तिथून सुरू होतं.

त्या दिवशीची फाईल ज्या शास्त्रज्ञ बाईंची होती, त्यांनी सुरुवात संख्याशास्त्राच्या सिद्धान्तापासून केली, मग त्या रोगप्रसाराच्या मॉडेलिंगकडे वळल्या आणि आता मातीतल्या ओलाव्यावर काम करतात. विषय तीन, म्हणून सायटेशनच्या डेटाबेसनं त्यांची माणसंही तीन केली होती. कुठे एक आद्याक्षर, कुठे दोन. संस्था बदललेली, सहलेखक वेगळे. तीन प्रोफाइल, एच-इंडेक्स (लेख आणि त्यांची सायटेशन मिळून काढायचा एक आकडा) 11, 9 आणि 6. शिवाय पहिल्या प्रोफाइलमध्ये चारशेच्या वर सायटेशन असलेला एक लेख होता, रसायनशास्त्राचा.

बाईंना बोलावून घेतलं. "मॅडम, हा लेख..." एवढंच म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "माझा नाही, काढा. माझ्याच आद्याक्षरांचं दुसरं कुणीतरी आहे." एकूण सायटेशनचा मोठा हिस्सा त्या एका वाक्यात गेला. इतक्या वर्षांत असं स्वतःहून सांगणारे फार थोडे भेटले. बाकीचे गप्प बसतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

प्रोफाइल एकत्र करायची विनंती पाठवली, पण त्याला वेळ लागतो. म्हणून एकेक लेख त्यांच्या ऑर्किड आयडीवरच्या (संशोधकाच्या कायमच्या ओळख-क्रमांकावरच्या) यादीशी ताडून मीच तक्ता बांधला. एच-इंडेक्स आला 17, म्हणजे किमान 17 सायटेशन मिळालेले 17 लेख. तुकड्यांवर विसंबले असते तर समितीपुढे 11 गेला असता. गूगल स्कॉलरवर तो 22 होता, कारण तिथे प्रबंध आणि प्रीप्रिंटमधले (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या लेखांतले) उल्लेखही धरले जातात.

इथे थांबता आलं असतं. पण यादीच्या तळाशी मला एकाच वर्षीचे दोन लेख दिसले. एकात त्यांनी अपुऱ्या नोंदींवरून अंदाज बांधायची पद्धत सिद्ध केली होती. तो गणिताच्या नियतकालिकात, 9 सायटेशन. दुसऱ्यात तीच पद्धत रुग्णांच्या माहितीला लावलेली. तो वैद्यकाच्या नियतकालिकात, 14 सायटेशन. मग त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांच्या जागतिक सरासरीशी तुलना केली. 1 म्हणजे सरासरीइतकं. 9 वाला 1च्या बराच वर गेला, 14 वाला खाली. गणितात संदर्भयाद्या छोट्या असतात आणि उल्लेख सावकाश होतात. वैद्यकात दोन्ही उलट. लेखाचा विषयही बहुतेक वेळा नियतकालिकावरून ठरतो, आत काय लिहिलंय त्यावरून नाही. काम एकच, पण एक तुकडा सरासरीच्या वर आणि एक खाली. आणि एच-इंडेक्सच्या हिशेबात दोन्ही शून्य.

मला राहवेना. त्या 23 उल्लेखांची वाक्यं काढून वाचली. वैद्यकातल्या 14 पैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी त्यांचा लेख "12–19" अशा एका कंसात, आठ जणांच्या गर्दीत होता. गणितातल्या 9 पैकी दोन लेख असे निघाले, की बाईंचं सूत्र काढून घेतलं तर त्यांचा पायाच राहत नाही. त्यांपैकी एका लेखातली पद्धत पुढे खूप वापरली गेली. पण वापरणारे त्या नंतरच्या लेखाचं नाव देतात, बाईंचं नाही. हे कुठल्याच निर्देशांकात येत नाही.

मी विषयवार तीन ओळींचा तक्ता आणि त्या वाक्यांचं परिशिष्ट जोडलं. समितीतल्या एका ज्येष्ठांचा फोन आला: "एवढं कोण वाचणार? एक पान, एक आकडा द्या." मी म्हटलं, "सर, हा निर्देशांक मांडणाऱ्या होर्हे हर्श यांनीच 2005 साली लिहून ठेवलंय की क्षेत्राक्षेत्रांत तो वेगळा पडतो. संशोधन आकड्यांनी कसं मोजावं यावरच्या 2015च्या लायडन जाहीरनाम्यातही तेच आहे." ते म्हणाले, "बरोबर आहे हो, पण बैठक चारला आहे." ते वाईट गृहस्थ नाहीत. एका दुपारी ढीगभर फायली संपवायच्या असल्या की माणूस आकड्याला धरतो. तरीही मला वाटतं, ज्यांना दहा मिनिटं वाचायला वेळ नाही त्यांनी दुसऱ्याच्या वीस वर्षांवर सही करू नये.

मी पहिल्या पानावर 17 लिहिलं. परिशिष्ट मात्र काढलं नाही.

बढती पुढच्या फेरीवर ढकलली गेली. शेरा होता: "लेखन विखुरलेले." बाईंनी माझ्याकडे फक्त त्या नऊ वाक्यांची प्रत मागितली. खुर्चीत बसून त्यांनी ती सगळी वाचली, एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे मला माहीतच नव्हतं." फाईल परत आली तेव्हा परिशिष्टाची पानं मी लावलेल्या क्लिपमध्ये जशीच्या तशी होती.