काळ्या रंगाशिवाय संध्याकाळ

आमच्या चित्रकलेच्या सरांचा एकच कडक नियम होता. निसर्गचित्राच्या तासाला काळ्या रंगाची बाटली दप्तरातून बाहेर काढायची नाही. सूर्यास्त रंगवायचा, पुढे झाडं उभी करायची आणि काळा रंग नाही, हे आठवीतल्या मुलांना अशक्यच वाटायचं. सर म्हणायचे, “झाडाच्या पाठीमागं उजेड हाय, म्हणून ते गडद दिसतंय. काळं न्हाई ते. नीट बघ, त्यात आभाळ उतरलंय.”

मग ते अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळायला लावायचे. निळा जास्त पडला की लांबची, थंडावलेली झाडं. तपकिरी जास्त पडला की सूर्याजवळच्या तापलेल्या फांद्या. दोन रंगांत अख्खी राई उभी राहायची. फांदीचा फटकारा बुंध्याकडून टोकाकडे, म्हणजे झाड वाढतं त्याच दिशेनं. पानांच्या फटीतून दिसणारं आभाळ मोकळ्या आभाळापेक्षा किंचित गडद ठेवायचं, नाहीतर झाडाला भोकं पाडल्यासारखी दिसतात. हे बारकावे मला पुढे कुठल्याही वर्गात इतके सोपे करून कुणी सांगितले नाहीत.

आभाळ मात्र त्याआधी आणि घाईनं. कागद ओला, बोर्ड थोडा तिरका. क्षितिजाशी पिवळा, वर नारिंगी, मग क्रिमझन म्हणजे गडद लाल, सगळ्यात वर निळा. पिवळ्याला निळा थेट भिडला की हिरवट होतो आणि मावळतीची रया जाते, म्हणून मधला तांबूस पट्टा हवाच. जलरंग वाळल्यावर फिके पडतात, त्यामुळे ओलं असताना चित्र जरा भडक दिसलं तरी हात आवरायचा नाही. आभाळ वाळेपर्यंत झाडाला ब्रश लावायला मनाई. तेवढ्या वेळात सर सांगायचे की मावळतीचा उजेड हवेच्या जास्त जाड थरातून येतो, निळा वाटेतच विखुरतो आणि तांबडा आपल्यापर्यंत पोचतो.

इलेमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी शाळेत जोरात चालायची, पण सर आम्हाला कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर न्यायचे ते परीक्षेसाठी नव्हे. कागद-पेन्सिल बरोबर घ्यायची नाही. अर्धे डोळे मिटून तळ्याकाठच्या शालिनी पॅलेसकडची मावळती नुसती बघायची. चित्र दुसऱ्या दिवशी वर्गात, आठवणीतून. एकाच तळ्यावरून आलेल्या आम्हा मुलांची आभाळं वेगवेगळी निघायची. कुणाचं जांभळं, कुणाचं पेटलेलं. सर एकालाही चूक म्हणत नसत. “तुला काय वाटलं ते ह्यात दिसतंय का?” एवढंच विचारायचे. चित्रात आपलं मन घालायची परवानगी असते, हे मला तिथे कळलं.

आबालाल रहिमान यांची ओळखही सरांचीच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या पदरी असलेला हा चित्रकार कोल्हापूरच्याच कोटितीर्थ तलावाच्या आणि रंकाळ्याच्या परिसरात पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. १९३१ साली तो गेला. आपल्या गावचं पाणी आणि आपल्याच गावची झाडं चित्राला पुरतात, हे त्या वयात समजणं फार मोलाचं होतं.

आज मी नोकरी सांभाळून रंगवतो. माझ्या पॅलेटवर अजून काळा रंग नाही.

मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. शाळेच्या या महोत्सवी वर्षात आठवीच्या मुलांना एका संध्याकाळी रंकाळ्यावर न्यावं. दुसऱ्या दिवशीच्या तासाला लागणारा कागद आणि रंग मी आणतो. परवानगी असेल तर त्या तासाला शिकवायलाही येतो.