खात्री आहे, की खात्री केली आहेस?

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं. स्मरणिकेसाठी आठवणीतलं काहीही लिहा, असं त्यात म्हटलं होतं. माझ्यासाठी शाळा म्हणजे बाई. आमच्या वेळच्या कुणालाही 'कोणत्या बाई' हे सांगावं लागणार नाही.

नववीत वार्षिक हस्तलिखितासाठी वर्गातल्या एका मुलीने लेख दिला होता. त्यात वाक्य होतं, 'ही माहिती खरी असल्याची मला खात्री आहे.' बाईंनी विचारलं, "खात्री आहे, की खात्री केली आहेस?" आणि अख्खा तास त्या एका प्रश्नावर गेला. खात्री नुसती असते ती मनात. तिला पुरावा लागतोच असं नाही. खात्री पटते, तेव्हा समोरच्या गोष्टीने आपल्याला पटवलेलं असतं. खात्री देतो ती दुसऱ्याला. पण खात्री करून घ्यायची तर जागचं उठावं लागतं, विचारावं लागतं, कागद उघडावा लागतो. मग 'पडताळणे' आलं. सही मूळ सहीशी पडताळायची, नक्कल अस्सल प्रतीशी. नुसतं 'पडताळलं' म्हणणाऱ्याला बाईंचा प्रश्न ठरलेला: "कशाशी?"

त्याच ओघात फळ्यावर नवाचा ताळा आला, म्हणजे अंकांच्या बेरजेवरून उत्तर तपासायची रीत. २३ गुणिले १४ बरोबर ३२२. २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ चीही ५. पाच पाचे पंचवीस, म्हणजे ७. ३२२ चेही ७. ताळा जुळला. बाईंनी ३२२ पुसून २३२ लिहिलं, तरीही जुळला! ताळा चुकला तर उत्तर नक्की चूक; जुळला म्हणून ते बरोबरच, असं मात्र नाही. मराठीच्या तासाला इतकं नेमकं गणित मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

आज मी कायदेविषयक कागदपत्रांचं भाषांतर करते. इंग्रजी मजकुरात 'ॲसर्टेन' आलं की पुष्कळ जण 'निश्चित करणे' लिहितात. पण तारीख निश्चित केली म्हणजे ठरवली, आणि मृत्यूचं कारण निश्चित केलं म्हणजे शोधून काढलं. 'ॲसर्टेन'मध्ये यातला फक्त दुसरा अर्थ आहे: जे आहे ते तपासून पक्कं करणं. 'हद्द निश्चित केली' एवढंच लिहिलं, तर हद्द नव्याने आखली की जुनी शोधली, यावरच वाद उभा राहतो. अशा ठिकाणी मी 'खातरजमा केली' किंवा 'तपासून निश्चित केली' असं लिहिते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांनाही हेच सांगते, बाईंचं नाव घेऊन.

हस्तलिखित आता निघत नाही असं कळलं, फार वाईट वाटलं. मुलांच्या लिहिण्यावर कुणीतरी एक तास थांबायचं, ते त्या निमित्तानेच. ते पुन्हा सुरू होणार असेल, तर कागदाचा आणि बांधणीचा खर्च आमची तुकडी आनंदाने उचलेल. मुलांचे लेख तपासायला मी दरवर्षी येईन.