तुम्ही विचारलंत म्हणून: दवाखाना बांधला, मग टाळं का?

पुण्याच्या तळजई टेकडीवर सकाळचं फिरणं झालं की आमचा घोळका कठड्यावर टेकतो. मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता होतो, हे सगळ्यांना ठाऊक. (कुठल्या जिल्ह्यात, ते राहू द्या.) त्यामुळे नव्या आरोग्य केंद्राला टाळं असल्याची बातमी पेपरात आली, की प्रश्न ठरलेला: "काय हो, सरकारकडे दवाखान्याला पैसे नाहीत का?"

आहेत की. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांत स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला 70,051 कोटींची शिफारस केली, त्यात इमारत नसलेल्या उपकेंद्रांचं बांधकामही धरलं होतं. केंद्राच्या आयुष्मान भारत हेल्थ इन्फ्रास्ट्रक्चर मिशनचे 64,180 कोटी वेगळे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्राचे 60 टक्के, राज्याचे 40. शिवाय पालकमंत्र्यांच्या जिल्हा नियोजन समितीचा निधी आहेच.

गोम पुढे आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात बांधकामाचा भांडवली खर्च ढोबळमानाने 4210 या लेखाशीर्षाखाली (म्हणजे खर्चाच्या खात्याखाली) दिसतो, पगार आणि औषधं 2210 खाली. पहिल्याला नारळ फुटतो, कोनशिला लागते. दुसऱ्याचं उद्घाटन झालेलं मी तरी पाहिलं नाही.

माझ्याच हातची एक इमारत सांगतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, सगळं रीतसर. प्रसूतिगृहाला छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स, स्ट्रेचर वळेल एवढं दार. ते दार मी स्वतः टेपने दोनदा मोजलं होतं. अंदाजपत्रकात रोहित्र, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, धरायचं मात्र राहिलं, आणि ते अंदाजपत्रक माझ्याच टेबलावरून गेलं होतं. तेवढ्या एका रोहित्रापायी आठ महिने गेले. वीज आली तर माणसं नाहीत. पदनिर्मितीचा प्रस्ताव इमारत उभी राहिल्यावर निघाला होता. तो मंत्रालयात वित्त विभागाकडे जाऊन, शेरे घेऊन परत येणार. तोवर किल्ल्यांचा जुडगा माझ्या ड्रॉवरमध्ये आणि व्हरांड्यात गावच्या शेळ्या. मार्चएंडला खर्च मात्र शंभर टक्के दिसला. कागदावर आम्ही पहिले.

अडीच वर्षांनी डॉक्टर आले, सिस्टर आल्या. पहिल्याच पावसात प्रसूतिगृहाचा कोपरा ठिबकायला लागला. ठेकेदाराला फोन केला तर म्हणाला, "साहेब, दोष दायित्व कालावधी संपला." ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा हा काळ खरंच संपला होता! तो काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात, पहिल्या पेशंटपासून नाही.

म्हणून माझं ऐकाल तर, पदांचा प्रस्ताव बांधकामाच्या प्रस्तावाबरोबरच गेला पाहिजे, आणि दरवर्षीच्या डागडुजीची रक्कम आधीच ठरलेली हवी. निधी कमी पडतो हे मीही नाकारत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. पण आहे तोही असा कुलपाआड बसतो.

पुण्याचं विचाराल तर आणखी एक भानगड. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. हद्द एका अधिसूचनेने सरकते, पण झेडपीने बांधलेल्या दवाखान्याचं छत गळलं तर आता कुणाच्या दारात जायचं, हे गावकऱ्यांना कोण सांगणार? आमच्या कट्ट्यावर त्यातल्याच धायरीचे एक काका येतात. ते हा विषय निघाला की नुसते हात जोडतात.

आमच्या त्या कोपऱ्याचं शेवटी दवाखान्याच्याच रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून भागलं. सिस्टरांनी गवंडी गावातलाच शोधला आणि दुपारभर स्वतः उभं राहून डांबरी शीट चिकटवून घेतली. मी कोपऱ्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिलं. नाही गळलं.